छत गेलं, तरी भिंती उभ्या कशा?

‘दगडात रुतलेली तलवार, विज्ञानही हतबल!’ असे व्हिडिओ अधूनमधून फिरत असतात. इटलीत सिएनाजवळच्या माँटेसिएपी टेकडीवर, एका गोल चॅपेलमध्ये अशी तलवार आहे हे खरं. विज्ञान हतबल बितबल काही नाही. २००१ च्या सुमारास पाविया विद्यापीठातले रसायनतज्ज्ञ लुईजी गार्लास्केल्ली यांनी तिचा धातू तपासला आणि तो बाराव्या शतकाशी जुळणारा निघाला. तलवार जुनी आहे, एवढंच त्यातून ठरतं. चमत्कार ठरत नाही.

खरी नवलाई टेकडीच्या पायथ्याशी आहे. तिथे सान गाल्गानो मठाचं बिनछताचं चर्च आहे. सिस्टर्शियन या कॅथलिक पंथाच्या साधूंनी ते १२१८ च्या सुमारास बांधायला घेतलं. लांबी जवळपास ७० मीटर. सोळाव्या शतकात मठाच्याच एका प्रमुखाने छतावरचं शिसं विकून खाल्लं. मग पाणी मुरत गेलं. पावसाच्या पाण्यात कार्बन डायऑक्साइड विरघळलेला असतो. ते सौम्य आम्ल दगडांमधला चुना हळूहळू विरघळवतं. १७८६ मध्ये घंटामनोरा छतावर कोसळला. १७८९ मध्ये चर्चचं धार्मिक स्थान रीतसर काढून घेतलं गेलं. भिंती मात्र आजही उभ्या आहेत.

छत पेलणारी कमान नुसती खाली दाबत नाही, भिंतींना बाहेरही रेटते. भिंतीला टेकवलेल्या शिडीचा पाय जसा बाहेर सरकू पाहतो, तसंच. भार सारखा पसरलेला धरला तर हा आडवा रेटा दर मीटर रुंदीवरचा भार गुणिले गाळ्याच्या रुंदीचा वर्ग, भागिले कमानीच्या उंचीची आठपट, इतका येतो. म्हणजे रुंदी तीच ठेवून उंची दुप्पट केली की रेटा निम्मा! मध्ययुगीन युरोपातल्या गॉथिक शैलीच्या टोकदार कमानीचं मर्म हेच. उरलेला रेटा आणि भिंतीचं स्वतःचं वजन मिळून एक तिरकं बल तयार होतं. त्याची रेषा भिंतीच्या जाडीच्या मधल्या तृतीयांशात राहिली, तर भिंतीत कुठेही ताण येत नाही, सगळीकडे फक्त दाब. चुन्याचा सांधा दाब मजेत सोसतो. ताण आला की उकलतो. म्हणून बाहेरून पुश्ते, म्हणजे भिंतीला टेकू देणारे जाड दगडी आधार.

आता छत पडलं की रेटाही गेला. बलाची रेषा पुन्हा जवळजवळ उभी झाली, आणि पुश्त्यांसकट जाड भिंतीला स्वतःचंच वजन पेलायचं राहिलं. त्यात तिला काहीच जड नाही. धोक्याचा असतो तो मधला काळ, एका बाजूची कमान गेलेली आणि दुसरी अजून रेटत असलेली.

१९२४ मध्ये वास्तुविशारद जीनो कियेरीची यांनी डागडुजी हाती घेतली, तेव्हा नवं छत चढवलं नाही, आहे ते सांभाळलं. माझ्या मते रेट्याच्या हिशेबानेही तेच शहाणपणाचं होतं: नवी कमान म्हणजे झिजलेल्या चुन्यावर पुन्हा तोच जुना रेटा.