पाय फाकवून उभी राहिलेली फोर्ड

मित्राने परवा एक व्हिडिओ पाठवला, अमेरिकेतली जुनी फोर्ड एफ-100 पिकअप, मालकाने स्प्रिंगा कापून खाली बसवलेली, आणि पुढची दोन्ही चाकं खालून बाहेर फाकलेली, घोडा पाय फाकवून उभा राहतो तशी. खाली मित्राचा मेसेज, "एवढा खर्च केला तर अलाइनमेंट का नाही करून घेत?"

करून घेऊन होत नाही ना, तीच तर गंमत आहे!

फोर्डने 1965 च्या मॉडेलपासून या ट्रकना 'ट्विन आय-बीम' सस्पेन्शन दिलं. उजव्या चाकाचा लोखंडी बीम डाव्या बाजूला बिजागरीसारखा अडकवलेला, डाव्याचा उजवीकडे, हाताची घडी घातल्यासारखे. आता एक करून बघा. उजवं कोपर टेबलावर टेकवा, हात बाहेरच्या बाजूला आडवा ठेवा आणि मनगटातून पंजा सरळ वर उभा करा. पंजा म्हणजे चाक, कोपर म्हणजे बिजागरी. कोपर न हलवता मनगट थोडं वर उचला, बोटं आपोआप आत झुकतात की नाही? गाडी खाली आली म्हणजे तिच्या मानाने चाक वर गेलं, आणि वर जाताना ते सरळ जात नाही, गोलाईत फिरतं. या झुकण्याला कॅम्बर म्हणतात. बीम 1 मीटरचा धरला आणि गाडी 75 मिलिमीटर खाली आणली तर चाक साधारण 4.3 अंश कलतं, आणि इथे हिशोब अर्ध्या-एक अंशाचा असतो. बीम आखूड असता तर अजून कललं असतं, म्हणून तर ते पार पलीकडच्या बाजूपर्यंत नेलेत.

परिणाम टायरवर हात फिरवला की कळतो, आतली कड गुळगुळीत, बाहेरची नक्षी नव्यासारखी.

आपल्याकडे टायरवाल्यांच्या बोर्डावर 'कंप्युटराइज्ड अलाइनमेंट' लिहिलेलं असतं आणि लोकांना वाटतं मशीनच सगळं सरळ करतं. अहो, मशीन फक्त मोजतं. त्या काळच्या एफ-100 ला कॅम्बरसाठी फिरवायला बोल्टच नाही, टाय रॉड (स्टेअरिंगकडून चाकाला जोडणारा दांडा) फिरवून फक्त टो, म्हणजे चाकांची तोंडं आत-बाहेर, जुळवता येतो.

अजून एक भानगड आहे. बीमला मागून धरणारा रेडियस आर्म पण गाडी खाली आली की फिरतो, त्यामुळे किंगपिनचं, म्हणजे ज्या खिळीभोवती चाक डावी-उजवीकडे वळतं तिचं, वरचं टोक मागे कलतं, या मागे कलण्याच्या कोनाला कॅस्टर म्हणतात, तो वाढतो. किंगपिनची रेषा जमिनीला टेकते ती जागा टायर टेकतो त्याच्या पुढे असते, 35 सेंटिमीटर त्रिज्येच्या चाकाला 4 अंश कॅस्टर असेल तर जवळपास अडीच सेंटिमीटर पुढे, आणि तेवढ्या अंतरामुळेच वळून झाल्यावर स्टेअरिंग स्वतःहून सरळ होतं. अंतर वाढलं की स्टेअरिंग जोरात परत येतं, पण पॉवर स्टेअरिंग नसेल तर पार्किंग करताना हात भरून येतात.

मग उपाय काय? एक तर हायड्रॉलिक जॅक लावून बीम थंडच वाकवायचा (तापवायचा नाही, पोलादाची ताकद जाते), नाहीतर चाकाकडचं टोक आधीच उंच असलेला 'ड्रॉप' बीम टाकायचा, म्हणजे स्प्रिंग कापायला लागत नाही आणि बिजागरीचा कोन आहे तसाच राहतो. टो मात्र सगळ्यात शेवटी जुळवायचा, कारण बाकी काहीही हललं की तो बिघडतोच.