दोष अनवाणी पायांचा नव्हता
यवतमाळकडच्या खेड्यांत, पऱ्हाट्या उपटलेल्या वावरात दोन ढेकळांचा गोल मांडून अनवाणी फुटबॉल खेळणाऱ्या पोरांना हमखास ऐकवले जाते की, बूट नसल्यामुळेच ‘फिफा’ या जागतिक फुटबॉल संघटनेने 1950च्या विश्वचषकातून भारताला हाकलले. हे खरे नाही. प्रतिस्पर्ध्यांनी माघार घेतल्याने भारताला प्रवेश मिळाला होता. स्पर्धेसाठी ब्राझीलला न जाण्याचा निर्णय भारतीय फुटबॉल महासंघाचाच होता आणि सरावाला अपुरा वेळ हे त्याने दिलेले एक कारण होते. 1948च्या लंडन ऑलिंपिकमध्ये आपले बहुतेक खेळाडू अनवाणीच फ्रान्सशी लढले आणि दोन पेनल्टी वाया घालवून 2-1 असे हरले. त्यांचे कर्णधार तालिमेरेन आओ वडिलांच्या इच्छेखातर कोलकात्यात डॉक्टर झाले आणि पुढे नागभूमीत, म्हणजे आजच्या नागालँडमध्ये, परतून त्यांनी आयुष्य रुग्णसेवेत घालवले. पोरांना ही गोष्ट मात्र कुणी सांगत नाही.