कोडाक्रोम आणि एक्टाक्रोम: एक परत आली, मग दुसरी का नाही?

हल्ली फिल्मवर फोटो काढायची हौस पुन्हा वाढलीय, आणि तेव्हापासून एक प्रश्न सारखा कानावर येतो: एक्टाक्रोम परत आली ना, मग कोडाक्रोम कधी येणार? काहीजण तर दोन्ही एकच समजतात. तसं वाटणं साहजिक आहे म्हणा, नावं सारखी, दोन्ही कोडॅकच्या, दोन्ही स्लाईड फिल्म, म्हणजे निगेटिव्हची भानगड नाही, रोल धुतला की खऱ्या रंगातलं चित्र थेट फिल्मवरच, ते माउंटमध्ये, म्हणजे छोट्या चौकटीत, बसवायचं आणि प्रोजेक्टरवर बघायचं. पण आतून या दोन फिल्म इतक्या वेगळ्या आहेत की डिजिटलच्या लाटेत एक कायमची गेली आणि दुसरी काही वर्षांनी पुन्हा उभी राहू शकली, आणि हा फरक कॅमेऱ्यात कुठेच नाही, तो सगळा धुण्यात आहे.

कोडाक्रोम आली १९३५ साली, आधी सिनेमाच्या फिल्मसाठी आणि पुढच्या वर्षी साध्या कॅमेऱ्यांसाठी. ती शोधणारे दोघेही लिओपोल्ड, एक मॅनेस आणि एक गोडोव्हस्की, आणि दोघेही संगीतकार, हे मला अजूनही भारी वाटतं. तर या फिल्ममध्ये रंग नसतोच. लाल, हिरवा आणि निळा प्रकाश वेगवेगळा टिपणारे थर असतात, पण ते सगळे मुळात ब्लॅक अँड व्हाईट. रंग येतो तो लॅबमध्ये. आधी साधं ब्लॅक अँड व्हाईट डेव्हलपिंग, मग फिल्मवर खालच्या बाजूने लाल प्रकाश टाकायचा आणि निळसर हिरवा रंग चढवायचा, मग वरून निळा प्रकाश आणि पिवळा रंग, मग राहिलेल्या थराला केमिकलनेच तयार करून किरमिजी रंग, आणि शेवटी ब्लॅक अँड व्हाईट चित्र जिचं बनतं ती सगळी चांदी काढून टाकायची की उरतात फक्त रंग. या प्रोसेसचं शेवटचं रूप म्हणजे के-१४. यासाठी मोठं मशीन लागायचं, केमिकलचं प्रमाण रोज तपासणारा जाणकार माणूस लागायचा, आणि मुख्य म्हणजे मशीनला सतत रोल लागायचे, कारण काम थांबलं की केमिकल खराब होतात. घरच्या बाथरूममध्ये करायचं हे काम नव्हे.

एक्टाक्रोम १९४० च्या दशकातली. तिच्यात रंग तयार करणारे पदार्थ, ज्यांना कपलर म्हणतात, ते फिल्म बनवतानाच थरांमध्ये घातलेले असतात. म्हणजे भरली वांगी जशी, मसाला आत आधीच भरलेला, आपण फक्त शिजवायची; कोडाक्रोमचा मसाला मात्र लॅबच्या पातेल्यात. त्यामुळे एक्टाक्रोमची प्रोसेस कितीतरी सोपी, तिन्ही रंग एकाच डेव्हलपरमध्ये, म्हणजे चित्र उमटवणाऱ्या केमिकलमध्ये, एकदम येतात. १९७० च्या दशकापासून तिच्यासाठी ई-६ ही प्रोसेस आली, जी अडतीस डिग्रीचं पाणी आणि थोडी शिस्त असेल तर घरीही जमते, आणि ती एकट्या कोडॅकची राहिली नाही. फुजी या जपानी कंपनीच्या स्लाईड फिल्मही ई-६ मध्येच धुतात. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढचं सगळं त्याच्यावरच आहे.

आता घसरणीकडे येऊ. सगळे म्हणतात डिजिटलने कोडाक्रोम मारली. अर्धं खरं आहे ते. घाव आधीच बसला होता आणि तो ई-६ नेच घातला. मासिकात, वर्तमानपत्रात काम करणाऱ्या फोटोग्राफरला आज काढलेला फोटो आजच हातात हवा असतो, ई-६ वाली लॅब मोठ्या शहरात कुठेही होती, दोनेक तासांत रोल मिळायचा, आणि कोडाक्रोम मात्र ठराविक लॅबकडे पोस्टाने पाठवा आणि वाट बघत बसा. त्यात १९९० मध्ये फुजीची वेल्विया ही स्लाईड फिल्म आली, भडक पण देखणे रंग, धुवायला सोपी, आणि निसर्गाचे फोटो काढणारे कितीतरी जण तिकडे वळले. रोल कमी झाले की लॅबला मशीन चालवणं परवडत नाही, लॅब बंद झाली की उरलेले लोकही फिल्म घ्यायचं सोडतात. हे चक्र चालू असतानाच डिजिटल आलं, मग काय राहणार होतं? २००९ च्या जूनमध्ये कोडॅकने कोडाक्रोम बंद केल्याचं जाहीर केलं तेव्हा कंपनीच्या फोटो फिल्मच्या विक्रीत तिचा वाटा एक टक्काही नव्हता, आणि ती धुणारी जगात एकच लॅब उरली होती, अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यातल्या पार्सन्स नावाच्या छोट्या गावात, ड्वेन्स फोटो.

कारखान्यातून निघालेला शेवटचा रोल कोडॅकने स्टीव्ह मॅकरी या नावाजलेल्या अमेरिकन फोटोग्राफरला दिला. ३६ फोटो. त्यातले काही आपल्याकडचे आहेत, मुंबईत अमिताभ बच्चन, आमिर खान, नंदिता दास आणि राजस्थानात रबारी लोक, आणि मग तो रोल घेऊन हा माणूस स्वतः पार्सन्सला गेला. ड्वेन्सने ३० डिसेंबर २०१० पर्यंत रोल स्वीकारले. शेवटच्या दिवसांत लोक लांबून गाडी चालवत येत होते, आर्कान्सातला एक रेल्वे कर्मचारी तर धुवून झालेले १५८० रोल न्यायला आला, जवळजवळ सगळे फोटो आगगाड्यांचे, बिल झालं १५,७९८ डॉलर. हे मी कितीदा वाचलं तरी गलबलून येतं, कारण ते सगळे रोल नुसते महाग नव्हते, ती तारीख चुकली असती तर त्या गाड्यांचे रंग कायमचे गेले असते.

एक्टाक्रोमचंही २०१२ मध्ये तेच झालं. जानेवारीत कोडॅकने दिवाळखोरीचा अर्ज केला आणि मार्चमध्ये ही फिल्मही बंद. पण इथेच दोघींच्या वाटा वेगळ्या होतात. फुजीची फिल्म विकली जात होती, म्हणून ई-६ च्या लॅब जिवंत राहिल्या, कमी झाल्या पण राहिल्या, आणि केमिकलही मिळत राहिली. त्यामुळे २०१७ च्या जानेवारीत कोडॅकने एक्टाक्रोम परत आणायचं जाहीर केलं तेव्हा त्यांना फक्त फिल्म बनवायची होती (तेही सोपं नव्हतं, दीड वर्ष गेलंच, २०१८ च्या सप्टेंबरात नवी एक्टाक्रोम ई१०० या नावाने बाजारात आली), पण ती धुणार कुठे हा प्रश्नच नव्हता. कोडाक्रोम परत आणायची तर फिल्मही नव्याने, मशीनही नव्याने, केमिकलही नव्याने आणि ते चालवणारी माणसंसुद्धा नव्याने तयार करावी लागतील, आणि एवढं सगळं पेलण्याइतके रोल कोण वापरणार? त्याच सुमारास कोडॅककडून कोडाक्रोमचाही विचार चालू असल्याचं बोललं गेलं होतं. पुढे काही झालं नाही, आणि माझ्या मते होणारही नाही.

आता ज्यांच्या घरी जुन्या स्लाईड्स पडून आहेत त्यांच्यासाठी, विशेषतः साठ-सत्तरच्या दशकात अमेरिकेला गेलेल्या काका-मामांच्या. ओळखायचं कसं? माउंटवर बऱ्याचदा नाव छापलेलं असतंच. नसेल तर स्लाईड खिडकीशी तिरपी धरा आणि जी बाजू चकचकीत नाही तिच्यावर बघा, कोडाक्रोम असेल तर चित्राच्या कडा किंचित उठावदार दिसतात, नक्षी कोरल्यासारख्या. रंगावरूनही अंदाज येतो. बंद डब्यात ठेवलेली कोडाक्रोम पन्नास वर्षांनीही काल काढल्यासारखी असते, ई-६ च्या आधीची एक्टाक्रोम मात्र लालसर गुलाबी पडलेली असते. उलट प्रोजेक्टरच्या दिव्यापुढे कोडाक्रोमच लवकर फिकी होते, तेव्हा ती पुन्हा पुन्हा पडद्यावर लावू नका, एकदा नीट स्कॅन करून घ्या. स्कॅन करतानाही सांभाळा: स्कॅनरमधलं इन्फ्रारेडने धूळ काढायचं सेटिंग एक्टाक्रोमवर छान चालतं, कोडाक्रोमवर चित्राचा बारीक तपशीलच खातं, म्हणून ते बंद करा आणि धूळ हाताने काढा. स्कॅन थोडं निळसर येईल, ते नंतर दुरुस्त करता येतं.

आणि कपाटात न धुतलेला कोडाक्रोमचा रोल सापडला तर रंगाची आशा सोडा, आज तो रंगीत धुवून देणारी लॅब चालू नाही. ब्लॅक अँड व्हाईटमध्ये मात्र धुता येतो, फक्त मागचा काळा थर काढावा लागतो आणि साध्या लॅबला हे माहीत नसतं, म्हणून देण्याआधी स्पष्ट विचारा. न धुतलेली एक्टाक्रोम निघाली तर डब्यावर ई-६ लिहिलंय का ते बघा. असेल तर रंगीतच धुवायला टाका.