क्लिपर्टनवर कधीच कुणी राहिलं नाही?

पॅसिफिकमधल्या क्लिपर्टन बेटावर माणूस कधी राहिलाच नाही, असं सांगितलं जातं. ते साफ चूक आहे. आज तिथे वस्ती नाही, एवढंच खरं. मेक्सिकोपासून हजारेक किलोमीटरवरचं हे प्रवाळाचं कडं. मधे समुद्रापासून तुटलेलं तळं, काठावर २९ मीटर उंच ज्वालामुखी खडक. इथे मेक्सिकोची सैनिकी तुकडी बायकामुलांसह राहायची. १९१४ मध्ये क्रांतीच्या धामधुमीत रसद थांबली. स्कर्व्हीने, म्हणजे क जीवनसत्त्वाच्या अभावाने होणाऱ्या रोगाने, एकेक माणूस गेला. उरलेल्यांनी पक्ष्यांची अंडी आणि मोजके नारळ यांवर दिवस काढले. जुलै १९१७ मध्ये अमेरिकी युद्धनौका पोहोचली, तेव्हा चार बायका आणि सात मुलंच जिवंत होती. त्यांना विसरून ‘कधीच कुणी नव्हतं’ म्हणणं मला अन्यायाचं वाटतं. पुढे बेट मेक्सिकोचं की फ्रान्सचं, या वादात ते फ्रान्सचं, हा निवाडा इटलीच्या राजाने १९३१ मध्ये दिला.