टाकी भरलेली, तरी बॉयलर म्हणतो पाणी नाही

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या मोठ्या खानावळीत किंवा मंगल कार्यालयात पूर्वी परसात तांब्याचा बंब असे, आणि त्यात पाणी किती आहे हे झाकण उचलले की कोणालाही कळे. आता त्या जागी विजेवरचा स्टीलचा बॉयलर आला आहे. त्याचे झाकण बंद असते. पाणी किती उरले आणि किती तापले, हे आतले इलेक्ट्रॉनिक कार्ड ठरवते. कार्डाला मात्र पाणी दिसत नाही. ते केवळ विजेचा प्रवाह आणि रोध मोजते व त्यावरून पाण्याविषयी अनुमान करते. त्यामुळे ‘पाणी कमी’ किंवा ‘अति तापले’ असा दिवा लागला, तर तो पुरावा न मानता साक्ष मानावी आणि साक्षीदार तपासावा.

पाण्याची पातळी सांगणारे साक्षीदार म्हणजे झाकणातून आत सोडलेल्या स्टीलच्या दोन-तीन कांड्या. कारागीर त्यांना प्रोब म्हणतात. पाणी कांडीला टेकले की त्यात विरघळलेल्या क्षारांमुळे कांडी आणि टाकीचा पत्रा यांच्यामध्ये अगदी क्षीण प्रवाह वाहतो. लांब कांडीला हा प्रवाह मिळाला नाही, तर पाणी तापवणारी कॉइल कोरडी पडली असे समजून तिची वीज तोडली जाते; आखूड कांडीला तो मिळाला की पाणी घेणारा व्हॉल्व्ह बंद होतो. हा प्रवाह सहसा उलटसुलट दिशेचा ठेवतात, कारण एकाच दिशेने वाहणाऱ्या प्रवाहाने पाण्याचे विद्युत अपघटन होऊन कांडी हळूहळू झिजते.

आता आपल्याकडच्या पाण्याकडे वळू. बेळगाव शहराला राकसकोप आणि हिडकल या जलाशयांचे पाणी मिळते, पण नळ आला नाही की बोअर चालू करावी लागते, आणि बोअरचे पाणी बहुधा जड, म्हणजे क्षारांमुळे कठीण असते. त्यातले कॅल्शियम बायकार्बोनेट तापल्यावर विघटित होते आणि कॅल्शियम कार्बोनेटचा पांढरा थर मागे राहतो. मीठ किंवा साखर गरम पाण्यात अधिक विरघळते. हा पदार्थ मात्र पाणी तापले की कमी विरघळतो, म्हणून तो नेमका सर्वांत उष्ण जागी, कॉइलवर बसतो आणि पुढे कांड्यांवरही चढतो. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात कठीणपणाची स्वीकार्य मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आहे; दुसरा स्रोत नसेल तर ६०० मिलिग्रॅमपर्यंत सवलत आहे. म्हणजे पिण्यास चालणारे पाणी बॉयलरला मानवेलच असे नाही.

हा थर वीज वाहून नेत नाही. तो लांब कांडीवर जमला की टाकी काठोकाठ भरलेली असूनही कॉइल चालू होत नाही. आखूड कांडीवर जमला की व्हॉल्व्ह उघडाच राहतो आणि ओव्हरफ्लोच्या नळीतून पाणी वाहू लागते. गंमत अशी की, याला कंटाळून कोणी बॉयलरला आरओचे पाणी जोडले, तर तोच दिवा पुन्हा लागू शकतो. त्या पाण्यात क्षार इतके कमी असतात की स्वच्छ कांडीलाही पुरेसा प्रवाह मिळत नाही.

म्हणून आधी व्हॉल्व्ह, त्याची जाळी आणि पाण्याचा दाब पाहावा. तिथे सर्व ठीक असेल, तर जाणकार इलेक्ट्रिशियन कांडीची तार काढून ती क्षणभर टाकीच्या पत्र्याला टेकवतो. कार्डाने लगेच ‘पाणी आहे’ असे मानले, तर तार आणि कार्ड दोन्ही निर्दोष आणि दोष कांडीत किंवा पाण्यात आहे. थर काढायला कोमट पाण्यात सायट्रिक आम्ल पुरते. थर विरघळताना कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे दिसतात. बाथरूम धुण्याचे ॲसिड वापरू नये, कारण त्यातल्या क्लोराइडमुळे स्टीलला बारीक भोके पडतात.

अति तापण्याच्या तक्रारीत प्रथम वेगळा थर्मामीटर घेऊन पाण्याचे तापमान मोजावे. पाणी कोमट असूनही दिवा लागत असेल, तर थर्मिस्टर, म्हणजे तापमानाप्रमाणे रोध बदलणारा छोटा भाग, तपासावा. बॉयलरमध्ये बहुधा वापरल्या जाणाऱ्या थर्मिस्टरचा रोध तापमान वाढले की घटतो. म्हणून त्याच्या तारा एकमेकींना चिकटल्या तर कार्डाला पाणी भयंकर तापलेले भासते, आणि तार तुटली तर बर्फासारखे थंड. दुसरी चूक अधिक धोक्याची आहे, कारण जे कार्ड ती ओळखत नाही ते कॉइल तापवतच राहते. पाणी खरोखर उकळत असेल आणि कार्डाने वीज तोडण्याचा हुकूम दिलेला असेल, तर कॉन्टॅक्टरचे, म्हणजे कार्डाच्या हुकुमाने कॉइलची वीज जोडणाऱ्या-तोडणाऱ्या स्विचचे, संपर्क वितळून चिकटले असण्याची शक्यता मोठी आहे. अशा वेळी शेवटचा राखणदार म्हणजे अति तापल्यावर वीज तोडणारा, हाताने रिसेट करायचा कटआउट. तो पुन्हा पुन्हा दाबून बॉयलर ‘चालवणे’ हा निव्वळ अविचार आहे.

थराचाही इथे वाटा आहे. विजेच्या कॉइलची बहुतेक उष्णता थरातूनही अखेर पाण्यातच जाते, त्यामुळे बिल फारसे वाढत नाही. पण ती बाहेर ढकलण्यासाठी कॉइलला स्वतः कितीतरी अधिक तापावे लागते आणि ती अकाली जळते.

एक कारण मात्र कोणत्याच सुट्या भागात सापडत नाही. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचीवर आहे. तिथे हवेचा दाब कमी असल्याने पाणी साधारण ९७.५ अंश सेल्सिअसलाच उकळते. समुद्रसपाटीचा हिशेब धरून बॉयलर ९८ अंशांवर लावलेला असेल, तर ते तापमान कधी गाठलेच जात नाही आणि कॉइल थांबत नाही. ३ किलोवॉटची कॉइल अशा स्थितीत तासाला पावणेपाच लिटरच्या आसपास पाण्याची वाफ करते, पातळी उतरत जाते, व्हॉल्व्ह वारंवार उघडतो आणि पाणी व उष्णता अशा दोन्ही तक्रारी एकाच दिवशी येतात. सुटे भाग बदलण्याआधी अशा बॉयलरची सेटिंग ९५ अंशांवर आणून तासभर पाहावे.