येळवस : शिवारातल्या पंगतीची पार्श्वभूमी

मार्गशीर्ष अमावास्येला दुपारी बारा वाजता लातूर शहरातून चालत गेलं तर चिटपाखरू दिसत नाही. दुकानं बंद, रस्ते ओस. संप नसतो, संचारबंदी नसते. सगळे शेतात जेवायला गेलेले असतात. लातूर आणि धाराशिव जिल्ह्यांत हा दिवस वेळ अमावास्या म्हणून पाळतात, बोलण्यात येळवस. जिल्हाधिकारी त्या दिवशी स्थानिक सुट्टी देतात. ज्याला शेत नाही त्याला कुणाचं तरी बोलावणं असतं, आणि बोलावणं नसलं तरी बांधावरून जाणाऱ्याला हाक मारून पानावर बसवायची इथली रीत आहे.

नावापासूनच सुरुवात केलेली बरी, कारण त्यात सणाचा प्रवास दडलाय. 'वेळ' या शब्दाचा घड्याळाशी काही संबंध नाही. सीमेपलीकडे बिदर-कलबुर्गीकडे हाच सण 'एळ्ळ अमावास्ये' आहे. कानडीत एळ्ळु म्हणजे तीळ. दुसरी एक व्युत्पत्तीही सांगतात : एळु म्हणजे सात, आणि पेरणीच्या ज्येष्ठापासून मोजलं तर मार्गशीर्षाची अमावास्या बरोबर सातवी येते. हिशेब जुळतो खरा, पण तीळ लावलेली बाजरीची भाकरी आजही या जेवणात ठरलेली असल्यामुळे पारडं तिळाकडेच झुकतं. मराठी तोंडात 'एळ'चं 'येळ' झालं, आणि गावाकडे वेळेलाही 'येळ'च म्हणतात म्हटल्यावर कुणीतरी शिकल्यासवरल्याने ते शुद्ध करून 'वेळ' लिहिलं असावं. शुद्धलेखनाने तीळ गायब केले.

कानडीचा हा शेजार आजचा नाही. राष्ट्रकूट राजे स्वतःला 'लट्टलूरपुरवराधीश्वर' म्हणवत, आणि ते लट्टलूर म्हणजेच लातूर असं मानलं जातं. पुढे कल्याणीचे चालुक्य, बिदरचे बहमनी, मग निजाम. राज्यं बदलली तरी मराठी आणि कानडी गावं एकाच सत्तेखाली एकमेकांना लागून राहिली. उदगीर, अहमदपूर आणि निलंगा हे तालुके तर १९५६ पर्यंत बिदर जिल्ह्यातच होते. राज्य पुनर्रचनेत ते उस्मानाबाद (आताच्या धाराशिव) जिल्ह्यात आले आणि १९८२ मध्ये लातूर जिल्हा वेगळा झाल्यावर त्यात गेले. सीमारेषा आखली गेली, सण दोन्हीकडे राहिला. आंबील, म्हणजे ज्वारीच्या पिठाचं ताकातलं पेय, डोक्यावर न्यायच्या मडक्याला इथे बिंदगं म्हणतात, तिकडे घागरीला बिंदिगे. पूजेनंतर पिकात आंबील शिंपडत फिरतात त्याला इकडे चर शिंपणं म्हणतात, तिकडे चरग. शिंपताना 'ओलगे ओलगे सालम पलगे' असा पुकारा होतो. गावागणिक त्याचे उच्चार बदलतात. त्याचा अर्थ मराठी कोशात शोधायच्या भानगडीत पडू नये. वळण कानडी आहे आणि पोरं ते जिवाच्या आकांताने ओरडतात, एवढं पुरे.

आता ताटाकडे. हे जेवण कुण्या सुगरणीने ठरवलेलं नाही, शिवाराने ठरवलंय. त्या आठवड्यात शेतात जे हिरवं उभं आहे ते भज्जीत, म्हणजे बेसन लावलेल्या मिसळीच्या पातळ भाजीत, जातं : तुरीच्या ओल्या शेंगा, पावटे, वाटाणे, हरभऱ्याचा पाला, मेथी, चाकवत, कांद्याची पात, गाजरं. खरिपातून नुकतेच घरात आलेले तीळ, बाजरी आणि शेंगदाणे. आणि कणगीतली गेल्या वर्षीची ज्वारी नि गहू. नवं-जुनं एका पंगतीला बसतं. अमावास्या मागेपुढे सरकते तशी भज्जीही बदलते. येळवस २०२४ मध्ये ११ जानेवारीला होती, २०२५ मध्ये १९ डिसेंबरला. जानेवारीत आली की हरभऱ्याचे घाटे भरलेले असतात आणि सोलाणे, म्हणजे ओले हरभरे, हवे तेवढे. डिसेंबरात आली तर नुसत्या पाल्यावर भागवायचं. हुरड्याचंही तसंच.

आंबील आदल्या संध्याकाळीच लागते. दहा माणसांना ज्वारीचं पीठ दोन वाट्या, ताक दीड ते दोन लिटर. पीठ आधी दोन वाट्या गार पाण्यात गुठळी न ठेवता कालवायचं, मग एक लिटर उकळत्या पाण्यात धार धरून सोडायचं आणि सतत ढवळत आठ-दहा मिनिटं शिजवायचं. कोरडं पीठ थेट उकळत्या पाण्यात टाकलं की बाहेरून शिजलेल्या, आतून कोरड्या गोळ्या होतात; त्या पुढे कशानेच मोडत नाहीत. हा शिजलेला घाटा पूर्ण गार झाल्यावरच ताक घालायचं. गरम घाट्यात ताक फाटतं आणि वर पाणी, खाली चोथा अशी आंबील होते. दहा-बारा पाकळ्या लसूण, चार हिरव्या मिरच्या, जिरं आणि मीठ जाडसर वाटून त्यात घालायचं, कोथिंबीर सकाळी. भांडं मातीचं किंवा स्टीलचं. कल्हई नसलेल्या पितळेत किंवा तांब्यात ठेवली तर कळकते, मग ती फेकायचीच. ताक आधीच आंबट असेल तर रात्री नुसता घाटा ठेवावा आणि ताक सकाळी मिसळावं, नाहीतर दुपारपर्यंत आंबील दात आंबवते.

भज्जी ही ना उसळ, ना पिठलं. दहा जणांना सगळे मिळून एक किलो ओले दाणे, तेवढ्याच निवडलेल्या पालेभाज्या, पाव किलो बेसन, दीड वाटी शेंगदाणे. शेंगदाणे तासभर भिजवून दाण्यांबरोबर शिजवायचे. इथेच पहिली चूक होते : चिंचेचा कोळ किंवा ताक लवकर पडलं तर दाणे मऊ होतच नाहीत, कितीही सरपण घाला. आंबट नेहमी दाणा बोटाने चेपल्यावर मोडू लागला की. मग चिरलेल्या भाज्या, पाच मिनिटं. मग लिटरभर पाण्यात किंवा पातळ ताकात कालवलेलं बेसन. ते ओतताना दुसऱ्या हाताने ढवळणं थांबवायचं नाही. लसूण-मिरचीचा ठेचा, हळद, मीठ, वरून तेलात तडतडवलेल्या लसणाची फोडणी. चुलीवरून उतरवताना भज्जी आमटीइतकी पातळ दिसली पाहिजे. पहाटे केलेली भज्जी दुपारी एकला वाढायची असते आणि तोवर बेसन फुगून ती दुप्पट घट्ट होते. घरीच बरोबर झाली असं वाटलेली भज्जी शेतात डावाला चिकटून बसते.

तिच्याबरोबर उंडे. बाजरीच्या पिठात मीठ, तीळ, ओवा घालून कढत पाण्याने मळायचं, लिंबाएवढे गोळे करून मध्ये अंगठ्याने खड्डा पाडायचा म्हणजे वाफ आतपर्यंत पोचते, आणि पंधरा-वीस मिनिटं उकडायचे. पीठ दोन-तीन दिवसांत दळलेलंच हवं. बाजरीच्या पिठातलं तेल लवकर खवट होतं आणि उकडल्यावर तो कडवटपणा अजूनच लागतो.

खीर मात्र वेळखाऊ. खपली गहू पाण्याचा हात लावून सडायचा, पाखडायचा, रात्रभर भिजवायचा. अर्धा किलो गव्हाला अर्धा किलो गूळ, पण गहू पूर्ण मऊ झाल्याशिवाय नाही, कारण गूळ पडला की दाणा जिथल्या तिथे थांबतो. बडीशेप, खसखस, सुंठ, खोबरं. दूध ज्याने त्याने आपल्या वाटीत गार घ्यावं. उकळत्या गुळाच्या खिरीत दूध ओतून ती नासवण्याचा प्रकार दरवर्षी कुणाकडे ना कुणाकडे होतोच.

शेतात कोपी आदल्या दिवशीच उभी करतात. कडब्याच्या पाच पेंढ्या, वरून शाल किंवा लुगडं, आत चुन्याने रंगवून काव लावलेले पाच दगड. ते पांडव. पूजा, नैवेद्य, चर शिंपून झाल्यावर पंगत बसते, आणि उरलेला दिवस पोरांचा : झाडाला झोका, बोरं, उसाची कांडकी, हुरडा मिळाला तर हुरडा. पोरांना खेळवायला वेगळं काही आणावं लागत नाही, ती शेंगा सोलायला बसतात तेव्हाच खेळ सुरू झालेला असतो. संध्याकाळी कोपीपुढे दूध उतू घालवतात. ज्या दिशेला उतू गेलं त्या बाजूचं पीक पुढच्या साली जोरात, असा समज. अंधार पडला की कडब्याची पेटती पेंढी घेऊन शिवारभर धावायचं, तो हेंडगा.

गेल्या तीसेक वर्षांत शिवार बदललं. लातूर सोयाबीनची मोठी बाजारपेठ झाली, सोयाबीनमागे हरभरा आला आणि रब्बी ज्वारी हटत गेली. ज्वारी नाही म्हणजे कडबा नाही, कडबा नाही म्हणजे कोपी उसाच्या पाचटाची किंवा नुसत्या साडीची. हेंडग्यालाही पाचट लागतं, पण ते भसकन पेटून विझतं. कडब्याची गच्च बांधलेली पेंढी बांधाला वळसा घालेपर्यंत जळते. पुण्या-मुंबईत राहणारे लातूरकर भज्जी फ्लॅटमध्ये करतात. तिथे फ्रोजन मटार चालतात, तुरीचे दाणे आणि पावटे डिसेंबरात मंडईत मिळतात. अडतं ते चाकवत आणि हरभऱ्याच्या पाल्यापाशी. नुसता पालक घातला तर भज्जी गिळगिळीत होते. निम्मी मेथी आणि मूठभर कांद्याची पात घेतली की सावरते.

भज्जी उरतेच, उरावी म्हणूनच केलेली असते. दुसऱ्या दिवशी सकाळी ती दगडासारखी घट्ट झालेली असते. पाणी घातलं तर बेचव लागते. उरलेल्या आंबिलीने सैल करून मंद आचेवर, उकळी न येऊ देता गरम करायची आणि शिळ्या भाकरीवर घ्यायची.