किरकोळ बँकव्यवहार, ग्रामीण विदर्भातील

किरकोळ बँकव्यवहार, ग्रामीण विदर्भातील : व्यक्ती व कुटुंबे यांच्याशी बँका ठेव, कर्ज आणि पैसे पाठविणे-काढणे या स्वरूपाचे जे व्यवहार करतात त्यांस किरकोळ बँकव्यवहार म्हणतात. प्रस्तुत नोंद अमरावती व नागपूर या महसुली विभागांतील अकरा जिल्ह्यांच्या ग्रामीण भागापुरती आहे. येथे दरमहा पगाराच्या जागी कापूस, सोयाबीन, तूर किंवा धानाचा वर्षातून एकदा-दोनदा येणारा चुकारा असतो आणि घरकर्जाच्या जागी पीककर्ज. गेल्या दोन दशकांत खात्यात पैसा येण्याची व तो काढण्याची रीत तंत्रज्ञानाने पालटली. कर्ज थकण्याची कारणे मात्र पाऊस व बाजारभाव हीच राहिली, आणि नव्या यंत्रणेतील चुकांचा भार बराचसा खातेदारावर आला.

पूर्वपीठिका : १८५३ मध्ये वऱ्हाड निजामाकडून ब्रिटिशांच्या ताब्यात आला. १८६१–६५ च्या अमेरिकन यादवी युद्धाच्या काळात कापसाला चढे भाव मिळाले. येथील पतपुरवठ्याला नगदी पिकाचे वळण लागले ते साधारणपणे या काळात, असे मानले जाते. कर्ज देणारा व माल घेणारा एकच असण्याची पद्धत बहुधा एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रुजली. १९०४ च्या कायद्याने सहकारी पतसंस्थांचा पर्याय दिला, तरी १९५१–५२ च्या अखिल भारतीय ग्रामीण पतपाहणीत शेतकऱ्यांच्या कर्जात सहकाराचा वाटा देशभर सुमारे ३ टक्के आणि सावकारांचा सुमारे ७० टक्के आढळला.

लक्ष्मी बँक आणि ठेव विमा : भारतातील ठेव विम्याच्या उगमाशी विदर्भाचा थेट संबंध आहे, त्याची दखल मात्र पुरेशी घेतली जात नाही. १९६० मध्ये केरळातील पलाई सेंट्रल बँक आणि अकोला येथील लक्ष्मी बँक या दोन बँका बुडाल्या. त्यानंतर संसदेने १९६१ मध्ये ठेव विमा महामंडळाचा कायदा केला व १ जानेवारी १९६२ पासून ठेवीदारामागे १,५०० रुपयांचे संरक्षण लागू झाले. या कायद्याच्या कारणांविषयी एकमत नाही. एका मतानुसार १९४८ च्या बंगालमधील बँक-संकटापासून ही कल्पना चर्चेत होती, १९५० च्या ग्रामीण बँकव्यवसाय चौकशी समितीनेही ती उचलून धरली होती, आणि १९६० च्या घटनांनी केवळ निमित्त पुरविले. दुसऱ्या मतानुसार पलाईचे प्रकरण हेच निर्णायक ठरले, कारण ती बँक मोठी होती व तिचे पडसाद देशभर उमटले. महामंडळाच्या स्वतःच्या इतिहासात दोन्ही बँकांची नावे जोडीने येतात, आणि तीच मांडणी अधिक ग्राह्य वाटते : देशाच्या दोन दूरच्या भागांत एकाच वर्षी बँका बुडाल्यामुळे प्रश्न एखाद्या प्रांताचा उरला नाही.

विम्याची मर्यादा १९९३ मध्ये १ लाख आणि ४ फेब्रुवारी २०२० पासून ५ लाख रुपये झाली. १९६८ च्या दुरुस्तीनंतर सहकारी बँकाही टप्प्याटप्प्याने या छत्राखाली आल्या. पतसंस्था व बहुराज्यीय पतसंस्था मात्र बाहेरच आहेत. तालुक्याच्या बाजारपेठेत त्यांच्या पाट्या बँकेसारख्याच दिसतात, पासबुकही तसेच असते आणि आता मोबाइल ॲपही. ठेवीदाराने पैसे ठेवण्यापूर्वी विचारावयाचा पहिला प्रश्न व्याजदराचा नसून विम्याचा आहे.

संस्था : १९६९ च्या राष्ट्रीयीकरणानंतर शाखा तालुक्यांत पोचल्या, १९७५ नंतर प्रादेशिक ग्रामीण बँका आल्या. विदर्भातील अशा बँकांचे एकत्रीकरण होत २०१३ मध्ये नागपूर येथे मुख्यालय असलेली विदर्भ कोकण ग्रामीण बँक बनली, आणि १ मे २०२५ पासून ती महाराष्ट्र ग्रामीण बँकेत विलीन झाली. जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकांपैकी नागपूर, वर्धा व बुलढाणा येथील बँकांना २०१४ मध्ये रिझर्व्ह बँकेने परवाना नाकारला होता. नागपूरच्या बँकेतील सरकारी रोख्यांचा घोटाळा २००२ मध्येच उघडकीस आला होता. नोटाबंदीनंतर १४ नोव्हेंबर २०१६ पासून सर्व जिल्हा बँकांना जुन्या नोटा घेण्यास मनाई झाली. गावच्या सहकारी सोसायटीचा (जिल्हा बँकेमार्फत पीककर्ज देणाऱ्या संस्थेचा) सभासद असलेला शेतकरी त्यामुळे रब्बीच्या तोंडावर राष्ट्रीयीकृत बँकेच्या रांगेत गेला.

पीककर्ज व जोखीम : शेती मुख्यतः कोरडवाहू असल्याने परतफेड एका हंगामावर अवलंबून असते. १९७२ मध्ये सुरू झालेल्या कापूस एकाधिकार खरेदीत, म्हणजे कापूस फक्त राज्याच्या यंत्रणेनेच घेण्याच्या योजनेत, सोसायटीचे कर्ज चुकाऱ्यातून वळते होई. ती योजना मोडल्यावर वसुलीची ही वाट बंद झाली आणि सहकारी बँकांची थकबाकी समजून घेताना हा दुवा विसरता येत नाही. १९९८ मध्ये किसान क्रेडिट कार्ड आले. ३ लाख रुपयांपर्यंतच्या पीककर्जावर केंद्राची व्याजसवलत आहे आणि मुदतीत फेडणाऱ्यास राज्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेचाही लाभ मिळतो. मुदत पाळण्यासाठी ‘नवं-जुनं’ करण्याची रीत सर्वत्र आहे : काही दिवसांपुरते पैसे उसने आणून जुने कर्ज भरायचे आणि नवे उचलून ते उसने फेडायचे. संगणकावर हे खाते नियमित दिसते. उसनवारीचे व्याज कुठेच नोंदले जात नाही. या प्रदेशातील पतजोखमीविषयी बँकेच्या नोंदी आणि घरातली परिस्थिती यांत अंतर पडते ते येथे.

कर्जमाफीच्या परिणामांविषयी दोन मते आहेत. माफीमुळे परतफेडीची शिस्त ढासळते, अशी चिंता रिझर्व्ह बँकेच्या कृषी पतपुरवठ्यावरील अंतर्गत कार्यगटानेही २०१९ मध्ये व्यक्त केली. याउलट, थकबाकीचे मूळ उत्पन्नात आहे, वृत्तीत नाही, असे मानणाऱ्यांचे म्हणणे कोरडवाहू विदर्भापुरते अधिक पटण्याजोगे आहे. २००८ च्या केंद्रीय योजनेत पूर्ण माफी दोन हेक्टरपर्यंतच्या शेतकऱ्यांनाच होती. तीन हेक्टर कोरडवाहू कसणारा एक हेक्टर ओलितवाल्यापेक्षा संपन्न असतोच असे नाही, तरी तो पूर्ण माफीबाहेर राहिला. २०१७ च्या राज्य योजनेत ऑनलाइन अर्ज आणि २०१९ च्या योजनेत आधार प्रमाणीकरण आले. पुढे कर्ज देताना सिबिल गुणांक, म्हणजे आधीच्या कर्जफेडीवरून काढलेला पत-गुणांक, पाहण्याची प्रथा पडली. पीककर्जासाठी त्याची सक्ती करू नये असे राज्य सरकारने बँकांना वारंवार बजावले आहे.

बँकमित्र व आधार : जानेवारी २००६ मध्ये रिझर्व्ह बँकेने व्यवसाय प्रतिनिधी नेमण्याची मुभा दिली आणि २८ ऑगस्ट २०१४ रोजी सुरू झालेल्या जनधन योजनेने या ‘बँकमित्रां’ना काम दिले. आधार-आधारित प्रणालीत खातेदार बँकेचे नाव, आधार क्रमांक व अंगठा देतो. प्रमाणीकरण होऊन खात्यातून रक्कम वजा होते आणि बँकमित्र स्वतःजवळची रोकड देतो. एका व्यवहाराची कमाल मर्यादा १०,००० रुपये आहे. रोकड संपली की सेवा थांबते, म्हणून सणाच्या आधी किंवा अनुदान आल्याच्या दिवशी गावात यंत्र असूनही पैसा नसतो. निंदण, वेचणी व बांधकाम यांनी झिजलेल्या बोटांचे ठसे अनेकदा जुळत नाहीत. बँकेच्या वतीने दिलेल्या सेवेसाठी बँकमित्राने खातेदाराकडून परस्पर शुल्क घेण्यास नियमाने मनाई आहे.

आधार ‘जोडणी’ व ‘सीडिंग’ या भिन्न गोष्टी आहेत आणि सर्वाधिक घोळ येथेच होतो. एका व्यक्तीचा आधार अनेक बँकांतील खात्यांना जोडता येतो आणि त्या प्रत्येकातून अंगठ्यावर पैसे निघू शकतात. राष्ट्रीय देयक महामंडळाच्या नोंदवहीत, म्हणजे मॅपरवर, मात्र एका आधारासमोर एकाच बँकेचे नाव राहते. नवे सीडिंग झाले की आधीचे आपोआप पुसले जाते. पीएम-किसानचा हप्ता असो वा जुलै २०२४ पासूनचे लाडकी बहीण योजनेचे दरमहा १,५०० रुपये, आधारावर पाठविलेली रक्कम मॅपरवरील बँकेतच जाते. टपाल खात्याच्या पेमेंट्स बँकेत नवे खाते काढताना सीडिंगला संमती दिलेल्या बाईचे अनुदान तिकडे वळते आणि ती मात्र ग्रामीण बँकेचे पासबुक भरून ‘पैसे आले नाहीत’ म्हणून परतते. खाते कोणत्या बँकेत सीड आहे हे आधार प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर पाहता येते. बँकमित्राने हे खातेदाराला मागितल्याविना दाखविले पाहिजे.

रक्कम वजा झाली व रोकड मिळाली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकानुसार व्यवहारानंतर पाच दिवसांत ती परत व्हावी लागते, पुढे प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई आहे. फसवणुकीबाबत २०१७ चे नियम लागू होतात : चूक बँकेची वा खातेदाराचीही नसेल आणि तीन कामकाजाच्या दिवसांत कळविले, तर खातेदाराचे दायित्व शून्य. खातेदाराने स्वतः ओटीपी सांगितला असेल, तर तक्रार करेपर्यंतचे नुकसान त्याचेच. कोऱ्या यंत्रावर पुनःपुन्हा अंगठा घेणे आणि पावती न देणे हे गावपातळीवरील जुने प्रकार आहेत. बायोमेट्रिक (बोटांचे ठसे इत्यादी) कुलूपबंद ठेवण्याची सोय आधारमध्ये आहे. सायबर फसवणुकीच्या तक्रारीसाठी १९३० हा क्रमांक आहे.

इतर : २०१६ मध्ये आलेले यूपीआय तालुक्याच्या किराणा दुकानांत व कृषी केंद्रांत रुळले आहे. मेळघाटातील हरिसाल हे त्याच सुमारास ‘डिजिटल गाव’ म्हणून पुढे आले. मेळघाट आणि दक्षिण गडचिरोलीत इंटरनेट जोडणीचा प्रश्न अजून मोठा आहे. महिला बचत गटांना १९९२ पासून बँकजोडणी मिळते. सूक्ष्मवित्त कंपन्यांसाठी एप्रिल २०२२ पासून वार्षिक ३ लाख रुपयांपर्यंत उत्पन्नाच्या कुटुंबाचे सर्व कर्जहप्ते मिळून मासिक उत्पन्नाच्या निम्म्याहून अधिक नसावेत असा नियम आहे. कृषी केंद्रातली बियाण्याची उधारी आणि सावकाराचे हातउसने पतमाहिती कंपन्यांकडे नोंदलेले नसते, त्यामुळे ही मर्यादा तपासताना ते बहुधा हिशेबात येत नाही.